ब्रेकची खरखर: चाक काढून बघायला शिका

ब्रेक दाबला की पुढच्या चाकातून लोखंडावर लोखंड घासल्यासारखी खरखर येते, पायाखाली पेडल किंचित थरथरतं, पण गाडी थांबते. थांबते म्हणूनच लोक ती महिना-महिना तशीच चालवतात. 'पावसाचा गंज असेल', 'सर्व्हिसिंगला टाकली की बघतील', अशी समजूत घालतात. कधी कधी ही समजूत खरीही ठरते. ब्रेकमधून आवाज यायला सात-आठ कारणं असू शकतात. त्यांतली दोन-तीन अगदी निरुपद्रवी, तर एक-दोन अशी की गाडी आहे तिथेच उभी करावी. कारण यांपैकी कोणतं, हे ओळखायला दर वेळी गॅरेजच गाठावं लागतं असं नाही. एक चाक काढायची तयारी, बरा उजेड आणि तासाभराची सवड एवढं पुरतं. दुरुस्ती स्वतः करायची की नाही हे नंतर ठरवता येईल. बघता मात्र प्रत्येक गाडीमालकाला आलं पाहिजे.

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे डिस्क ब्रेक आणि मागे ड्रम ब्रेक असतात. पुढचं सगळं विवेचन अशाच गाडीचं आहे.

आत काय घासतं

चाकाबरोबर फिरणारी बिडाची जाड चकती म्हणजे डिस्क. तिच्या कडेला चिमट्यासारखा बसलेला कॅलिपर. कॅलिपरच्या पोटात, डिस्कच्या दोन्ही अंगांना एकेक पॅड असतो. पोलादी पट्टी आणि तिच्यावर घट्ट बसवलेला घर्षणाचा थर, असा हा पॅड. आपण पेडल दाबतो, ब्रेक ऑइलचा दाब पिस्टनला ढकलतो, पिस्टन आतला पॅड डिस्कवर रेटतो. तेवढ्यात अख्खा कॅलिपर आतल्या बाजूला सरकतो आणि बाहेरचा पॅडही डिस्कवर ओढला जातो. कॅलिपरचं हे सरकणं दोन गुळगुळीत पिनांवर होतं. या पिना लक्षात ठेवा, निम्म्या तक्रारींचं मूळ तिथे असतं.

हजार किलोची गाडी ताशी 80 किलोमीटरवरून पूर्ण थांबवताना साधारण 247 किलोज्यूल ऊर्जा खर्ची पडते. एवढ्या उष्णतेत एक लिटर पाणी 30 अंशांवरून जवळजवळ 90 अंशांपर्यंत तापेल. ही सगळी उष्णता काही सेकंदांत चार चाकांत उतरते आणि तिचा मोठा वाटा पुढच्या दोन चाकांवर येतो, कारण ब्रेक लागताना गाडीचं वजन पुढे झुकतं. म्हणून पुढचे पॅड मागच्या ड्रममधल्या लायनरच्या आधी संपतात.

आवाजाची तक्रार ब्रेकइतकीच जुनी आहे. इंग्लंडमधल्या फ्रेडरिक लँचेस्टरने 1902 साली डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं, तेव्हा त्याच्या ब्रेकमध्ये धातूच्या चकतीवर तांब्याचं अस्तर घासायचं. त्याची किंकाळी असह्य असायची. पुढे हर्बर्ट फ्रूडने अ‍ॅस्बेस्टॉसचं अस्तर आणल्यावर कान शांत झाले, आणि पुढची कित्येक दशकं जगभरच्या मेकॅनिकांनी ती धूळ छातीत घेतली. त्या धुळीचा विषय खाली पुन्हा येईल.

आधी चीं, मग खर्र

बऱ्याच पॅडांना कडेला पोलादाची एक बारीक वाकडी पत्ती रिव्हेट केलेली असते. घर्षणाचा थर दोन-तीन मिलिमीटरांवर आला की ही पत्ती डिस्कला टेकते आणि बारीक, टोकदार 'चीं' आवाज येतो. तो मुद्दाम योजलेला इशारा आहे. बऱ्याचदा ब्रेक दाबलेला नसतानाही येतो आणि दाबला की थांबतो, त्यामुळे लोक गोंधळतात. शिवाय काही कंपन्या ही पत्ती फक्त आतल्या पॅडला लावतात, तर काही स्वस्त पॅडांना ती नसतेच.

हा इशारा कानाआड केला की थर संपतो आणि पॅडची पोलादी पट्टी थेट डिस्कवर घासू लागते. आता आवाज बदलतो. 'चीं' जाऊन जाड 'खर्रर्र' येतो, पेडलमधून पायाला जाणवतो आणि काही दिवसांतच डिस्कवर ग्रामोफोनच्या तबकडीसारखे चरे पडतात. पॅडच्या हजार-दोन हजारांच्या खर्चात आता डिस्कच्या जोडीची भर पडते. त्याहून वाईट म्हणजे थांबायला लागणारं अंतर वाढतं आणि पिस्टन त्याच्या नेहमीच्या जागेपेक्षा फार बाहेर येतो.

आवाज नेमका कधी येतो

चाक काढण्याआधी कानाचं काम उरकून घ्या. सकाळी रहदारी नसताना सोसायटीच्या कंपाउंडच्या भिंतीलगत, त्या बाजूची काच खाली करून, रेडिओ आणि एसी बंद ठेवून ताशी वीस-तीसने गाडी चालवा. भिंतीवरून आवाज परतून येतो आणि कोणत्या बाजूचा ते चटकन कळतं. मग उलट दिशेने जाऊन दुसरी बाजू ऐका.

सकाळच्या पहिल्या चार-पाच ब्रेकांना खरखर आणि नंतर काहीच नाही, तर तो गंज. बीड उघडं असतं. पावसात किंवा गाडी धुतल्यावर एका रात्रीत त्यावर तांबूस थर धरतो आणि पॅड तो खरवडून काढतात. याला काही करायचं नसतं. किनाऱ्यालगत, रत्नागिरी-मालवणकडे किंवा गोव्यात, खाऱ्या हवेमुळे हा थर लवकर धरतो.

ब्रेक दाबा न दाबा, सतत पत्र्यावर खडा घासल्यासारखा कर्कश आवाज येत असेल, आणि तो कच्च्या रस्त्यावरून किंवा नुकत्याच खडी टाकलेल्या रस्त्यावरून आल्यावर सुरू झाला असेल, तर बहुतेक वेळा डिस्क आणि तिच्यामागचा पातळ पत्रा यांच्यामध्ये खडा अडकलेला असतो. हळूहळू पुढे-मागे केल्यावर तो कधी आपोआप पडतो. नाही पडला तर चाक काढून पत्रा बोटाने किंचित मागे वाकवायचा. पत्राच वाकून डिस्कला लागत असेल तरी उपाय तोच. हा आवाज इतका भयंकर असतो की माणूस टो-व्हॅन बोलावतो, आणि बिघाड निघतो चिंचोक्याएवढा.

दाबल्यावरच खर्र होत असेल आणि दर वेळी होत असेल, तर पॅड संपलेत. याच्यासाठीच पुढचा सगळा खटाटोप.

वेगाबरोबर वाढणारी घूं-घूं, जी ब्रेकशी नव्हे तर वळणाशी बदलते, म्हणजे डावीकडे वळताना वाढते आणि उजवीकडे कमी होते किंवा उलट, ती व्हील बेअरिंगची. पूर्ण स्टिअरिंग वळवून निघताना कट-कट-कट वाजलं तर तो ड्राइव्ह शाफ्टचा सांधा. दोन्ही कामं गॅरेजची.

ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारल्यावर पेडल पायाखाली धडधडलं आणि खालून खरखर आली, तर ते एबीएस त्याचं काम करतंय. आपल्याकडे एप्रिल 2019पासून सगळ्याच नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं झालं. तरीही अनेकजण या धडधडीला घाबरून पेडलवरचा पाय उचलतात, आणि नेमकं तेच करायचं नसतं. पाय रोवून ठेवायचा.

आवाज मागून येतोय अशी शंका असेल तर मोकळ्या, सपाट जागी ताशी दहाच्या आसपास हँडब्रेकचं बटण दाबून धरून हँडब्रेक अलगद ओढा. हँडब्रेक फक्त मागच्या चाकांवर चालतो. खरखर आली तर दोष ड्रममध्ये.

जॅकच्या भरवशावर राहू नका

एक गोष्ट वाद न घालता मान्य करा. गाडीतला जॅक स्टेपनी बदलण्यापुरता आहे, त्याच्या भरवशावर हात-डोकं आत घालून काम करायचं नाही. दोन जॅक स्टँड विकत घ्या किंवा ओळखीच्या गॅरेजमधून मागून आणा. विटांच्या थप्प्या लावू नका, भाजलेली वीट आधी काही न सांगता फुटते. काढलेलं चाक गाडीच्या कडेखाली आडवं सरकवून ठेवा, जॅक घसरलाच तर गाडी त्यावर टेकेल.

जागा सपाट आणि पक्की हवी. पावसाळ्यात मातीत जॅक रुततो, खाली जाड फळी द्या. गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करून घ्या, उचलल्यावर चाक नटाबरोबर फिरत राहतं. नट साधारण 19 किंवा 21च्या पान्याचे असतात. जॅक कुठे लावायचा ते गाडीच्या पुस्तिकेत चित्रासह असतं. चाकामागे दाराखालच्या पत्र्याच्या दुहेरी कडेला दोन खाचा दिसतात, त्यांच्या मधली जागा ती. भलतीकडे लावला तर पत्रा आत जातो.

चाक काढल्यावर काय बघायचं

कॅलिपर बाहेरच्या अंगाला येईल अशा बाजूला स्टिअरिंग पूर्ण वळवा. कॅलिपरची पाठ समोर येते. कॅलिपरला वरच्या बाजूला एक खिडकी असते, तिच्यातून टॉर्च मारा. डिस्कच्या दोन्ही बाजूंना पॅड दिसतील. पोलादी पट्टी वगळून घर्षणाचा थर किती उरलाय ते बघा. नव्या पॅडचा थर साधारण दहा मिलिमीटर असतो. तीनच्या खाली असेल तर बदला.

बाहेरचा पॅड चाकाच्या फटीतूनही दिसतो म्हणून लोक तेवढाच बघतात आणि निश्चिंत होतात. आतला पॅड त्याच्या आधी संपलेला असणं अगदी नेहमीचं आहे. चाक काढायचं ते त्याच्यासाठी.

मग डिस्क. नख तिच्या पृष्ठभागावरून मध्यापासून कडेकडे ओढा. गुळगुळीत किंवा बारीक रेघा लागल्या तर ठीक. नख अडकेल असे चर असतील, निळसर डाग असतील किंवा मधल्या भोकांकडून कडेकडे जाणारी भेग दिसली, तर डिस्कचा विचार करावा लागेल. भेग असेल तर विचारही नको, ती बदलायचीच.

जाडी मोजायला व्हर्नियर लागतो. मात्र डिस्कच्या बाहेरच्या कडेला पॅड पोचत नाही, तिथे झीज होत नाही आणि उंचवटा राहतो. व्हर्नियरचे जबडे त्या उंचवट्यावर टेकतात आणि जाडी खोटी येते. त्यावर उपाय सोपा आहे. एकाच प्रकारची दोन नाणी घ्या, डिस्कच्या दोन्ही अंगांना उंचवट्याच्या आत धरा, नाण्यांसकट मोजा आणि दोन नाण्यांची जाडी वजा करा. कमीत कमी चालणारी जाडी डिस्कच्या मधल्या भागावर किंवा कडेला कोरलेली असते. उदाहरणार्थ, नवी असताना 20 मिलिमीटर असलेल्या डिस्कला 18ची मर्यादा असू शकते. म्हणजे हाताशी एकूण दोनच मिलिमीटर. आकडा गाडीगणिक बदलतो, आपल्या डिस्कवरचाच धरा.

पॅड असमान झिजले असतील तर

घरगुती दुरुस्ती इथेच फसते, आणि खरं तर घाईतल्या गॅरेजातलीही. पॅड संपले, नवे घातले, आवाज गेला, आणि सहा महिन्यांत त्याच चाकातून पुन्हा खर्र. कारण पॅड का संपले हे कोणी पाहिलेलंच नसतं.

आतला आणि बाहेरचा पॅड जवळपास सारखे झिजले असतील, तर ती वयाची झीज. आतला अगदी संपलाय आणि बाहेरचा निम्मा शिल्लक आहे, तर कॅलिपर सरकत नाहीये, म्हणजे पिना अडकल्यात. पिस्टन आतला पॅड दाबतो, पण कॅलिपर आतल्या बाजूला सरकत नसल्याने बाहेरचा पॅड नुसता साक्षीदार राहतो. पॅड पाचरीसारखा, एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ झिजला असेल, तर दोनपैकी एक पिन अडकलेली असते. डाव्या चाकाचे पॅड संपलेत आणि उजव्याचे धडधाकट आहेत, तर डाव्या बाजूचा पिस्टन दाबल्यावर मागे फिरत नसेल किंवा त्या बाजूचा रबरी होज आतून सुजला असेल.

अडकलेल्या ब्रेकचं चाक चालवल्यावर इतरांपेक्षा जास्त तापतं. हात लावून बघू नका. चार-पाच किलोमीटर कमीत कमी ब्रेक वापरून गाडी चालवा आणि डिस्कजवळ पाण्याचे दोन थेंब टाका. एका चाकावर ते चर्रकन उडाले आणि दुसऱ्यावर नुसते ओघळले, तर उत्तर मिळालं. कोविडच्या दिवसांत घेतलेली कपाळाचा ताप बघायची बंदूक इथे कामाची नाही, ती माणसाच्या तापापलीकडचा आकडा दाखवत नाही.

पुढचे पॅड बदलणं

चाक निघालंय, पिनांवर संशय आहे, नवे पॅड हातात आहेत. हे काम पाना धरता येणाऱ्या माणसाला जमण्यासारखं आहे. दोन्ही बाजूंचे पॅड एकाच वेळी बदलायचे, पण एका वेळी एकच बाजू उघडायची. म्हणजे अडलं तर दुसरी बाजू नमुना म्हणून शाबूत राहते. मोबाइलवर आधी फोटो काढून ठेवा.

बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची पांढरी टाकी बघा. पॅड झिजले की पिस्टन बाहेर येतो आणि टाकीतली पातळी उतरते. मध्येच कोणी 'कमी दिसतंय' म्हणून ती काठोकाठ भरली असेल, तर आता पिस्टन मागे दाबल्यावर ऑइल उतू जाईल. ब्रेक ऑइल रंग खातं, सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. आधीच थोडं ऑइल स्वच्छ सिरिंजने काढून घेणं बरं.

कॅलिपरच्या पाठीवर दोन बोल्ट असतात, सहसा 12 किंवा 14च्या पान्याचे. बऱ्याच गाड्यांत खालचा काढला की कॅलिपर वरच्या बोल्टवर बिजागरीसारखा वर उचलता येतो. बोल्ट फिरवताना त्यामागची पिनही फिरू लागली तर ती दुसऱ्या पातळ पान्याने धरा. कॅलिपर पूर्ण काढलात तर तो रबरी होजवर लोंबकळत ठेवू नका, तारेने स्प्रिंगला बांधा. कॅलिपर उघडा असताना ब्रेक पेडल कोणी दाबणार नाही याची काळजी घ्या. घरात मुलं असतील तर गाडीची किल्ली खिशात ठेवा.

जुने पॅड सरकवून काढा. ते ज्या पोलादी कंसात बसतात, त्याच्या खाचांत गंज साचलेला असतो. वायर ब्रशने साफ करा. नव्या पॅडबरोबर पत्र्याच्या क्लिपा आल्या असतील तर त्या घाला. पॅड खाचेत बोटाने ढकलून सरकला पाहिजे, हातोडीने बसवावा लागत असेल तर खाच साफ झालेली नाही. धूळ फुंकू नका आणि एअर गननेही उडवू नका. जुन्या किंवा बेनामी अस्तरात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, आणि नसलं तरी धातूंची ही भुकटी फुप्फुसात जाणं चांगलं नाही. तोंडाला मास्क बांधा, ओलं फडकं किंवा ब्रेक क्लीनरचा स्प्रे वापरा.

आता पिना. रबरी बुटांतून एकेक बाहेर ओढा. चांगली पिन बोटांनी आत-बाहेर सरकते आणि सोडली की हवेमुळे किंचित परत येते. बिघडलेली पिन कोरडी आणि तांबूस असते, कधी पक्कडीशिवाय निघतच नाही. पुसून, बारीक गंज असेल तर हलक्या हाताने घासून, सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस लावा. दुकानातलं पिवळं किंवा काळं साधं ग्रीस इथे चालत नाही, खनिज तेलामुळे कॅलिपरची रबरं फुगतात आणि पिन पहिल्यापेक्षा घट्ट अडकते. पिनेवर खोल खड्डे पडले असतील किंवा बूट फाटला असेल तर तेवढा भाग नवा घ्या. वरची आणि खालची पिन बऱ्याचदा वेगळी असते, अदलाबदल करू नका.

पिस्टन मागे दाबायला सी-क्लॅम्प आणि त्याखाली जुना पॅड ठेवा, म्हणजे दाब सगळीकडे सारखा पडतो. सावकाश आवळा. पिस्टन एकसारखा मागे गेला पाहिजे. अडखळला, तिरपा गेला किंवा त्याभोवतीच्या रबरातून ओल दिसली, तर काम तिथेच थांबवा. कॅलिपर उघडून आतलं सील बदलायचं काम घरच्या ओट्यावरचं नाही. ज्या गाड्यांना मागेही डिस्क आहेत, त्यांच्या मागच्या कॅलिपरवर क्लॅम्पची जबरदस्ती मुळीच करू नका. हँडब्रेक त्यात असेल तर काहींत पिस्टन फिरवत आत घालावा लागतो, आणि बटणाच्या हँडब्रेकच्या गाड्यांना आधी संगणकावरून सर्व्हिस मोडमध्ये टाकावं लागतं.

नवे पॅड बसवा, इशाऱ्याची पत्ती जुन्या पॅडला ज्या जागी होती त्याच जागी येईल असं बघा. घर्षणाच्या बाजूला ग्रीसचं बोटसुद्धा लागू देऊ नका. कॅलिपर खाली आणा, बोल्ट पुस्तिकेतल्या मापाने आवळा. हे बोल्ट छोटे असतात, पान्याला पाइप लावून ताकद दाखवली तर तुटतात. चाक लावा, नट फुलीसारखे समोरासमोरचे आवळत जा आणि गाडी खाली टेकल्यावर शेवटचा जोर द्या.

गाडी हलवण्याआधी पेडल

पिस्टन मागे दाबलेला आहे, पॅड आणि डिस्कमध्ये फट आहे. पहिल्यांदा पेडल दाबलं की ते थेट तळाशी जाईल आणि ब्रेक लागणार नाही. इंजिन चालू न करता पेडल हळूहळू पुन्हा पुन्हा दाबा, ते घट्ट होईपर्यंत. मग टाकीतली पातळी बघा. त्यानंतर इंजिन चालू करून पुन्हा दाबा. व्हॅक्यूमची मदत मिळाल्यावर ते किंचित खाली जाईल, पण तळाला जाता कामा नये. घरी पॅड बदललेल्या गाड्या पार्किंगच्या भिंतीवर जातात त्या बहुतेक ही एक पायरी विसरल्यामुळे.

नवे पॅड लगेच पूर्ण धरत नाहीत. मोकळ्या रस्त्यावर ताशी पन्नासवरून दहापर्यंत, मध्यम जोराने, वीसेक वेळा वेग कमी करा. दोन ब्रेकांमध्ये गाडी थोडी चालवा म्हणजे डिस्क थंड होते. तापलेल्या डिस्कवर ब्रेक दाबून सिग्नलला उभं राहू नका. पहिले दोन-तीनशे किलोमीटर घाट टाळा. या काळात हलका वास किंवा बारीक सळसळ आली तर काळजी नको.

डिस्क ठेवायची की टाकायची

बारीक रेघांच्या डिस्कवर नवे पॅड चालतात, थोड्या दिवसांत ते तिच्या आकाराला बसतात. चर खोल असतील पण जाडी शिल्लक असेल, तर लेथवर डिस्क साफ करून मिळते. साफ केल्यानंतरची जाडी कोरलेल्या मर्यादेच्या वर राहिली पाहिजे, ते आधी मोजायला सांगा. माझ्या मते छोट्या गाड्यांच्या डिस्कच्या बाबतीत हा खर्च क्वचितच परवडतो, कारण हाताशी मुळात दोनच मिलिमीटर असतात. बदलायच्या तर दोन्ही बाजूंच्या एकदम.

मागचे ड्रम

ड्रममधला आवाज बऱ्याचदा लायनरच्या भुकटीचा असतो. वर्षानुवर्षं साठलेली धूळ पावसात ओली होऊन घट्ट होते आणि खरखरते. ड्रम काढून साफ केला की आवाज जातो. मात्र लायनर संपून रिव्हेट ड्रमला लागत असेल तर आतून चर पडतात.

ड्रम काढायला हँडब्रेक सोडावा लागतो, म्हणून पुढच्या चाकांना दगड लावणं इथे जास्त गरजेचं. ड्रम गंजाने चिकटला असेल तर त्याच्या तोंडावर आट्यांची दोन छोटी भोकं असतात. त्यांत योग्य मापाचे बोल्ट आळीपाळीने आवळले की ड्रम सुटून पुढे येतो. आत बघा, साफ करा. तळाशी ओल दिसली तर व्हील सिलिंडर गळतोय.

लायनर बदलण्याचं काम मात्र मी गॅरेजला द्यायला सांगेन. स्प्रिंगा जोरकस असतात, निसटल्या तर डोळ्यावर येतात. जोडणीचा क्रम चुकला तर हँडब्रेक धरत नाही. आणि इथे वाचणारी मजुरी या जोखमीच्या मानाने किरकोळ आहे.

सुटे भाग घेताना

ब्रेकच्या पॅडांत नकली माल सर्रास मिळतो, डबा हुबेहूब आणि आत भुसा. गाडीच्या कंपनीचे पॅड अधिकृत काउंटरवरून घ्या. नाहीतर भारतात गाड्यांच्या कंपन्यांना ब्रेक पुरवणाऱ्या बॉश, राणे, अलाइड निप्पॉन, ब्रेक्स इंडिया अशांचे पॅड माहितीच्या दुकानातून, पक्क्या बिलाने घ्या. पुण्यात नाना पेठेत अर्ध्या किमतीचा डबा पुढे केला जाईल, तो परत सरकवा. नेताना जुना पॅड बरोबर न्या. एकाच मॉडेलला वर्षागणिक वेगळा कॅलिपर असू शकतो.

ब्रेक ऑइलही याच फेरीत आणा. ते हवेतली ओल शोषतं आणि त्याचा उकळबिंदू उतरत जातो. डॉट 4 प्रतीच्या नव्या ऑइलला किमान 230 अंश उकळबिंदू लागतो, ओल शोषलेल्या ऑइलसाठी तीच मर्यादा 155 अंश आहे. आंबोली किंवा वरंधा घाट न्यूट्रलमध्ये, ब्रेकवर पाय ठेवून उतरणाऱ्याच्या कॅलिपरमध्ये हे ऑइल उकळू शकतं, वाफ दाबली जाते आणि पेडल मऊ पडून खाली जातं. घाट ज्या गिअरमध्ये चढलात, साधारण त्याच गिअरमध्ये उतरा. ऑइल दर दोन वर्षांनी पूर्ण बदला. बदलताना हवा काढावी लागते, ते काम दोन माणसांचं.

गाडी लगेच थांबवावी अशी लक्षणं

खरखरीबरोबर पेडल तळाला जातंय, ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढतेय, डॅशबोर्डवर लाल ब्रेकचा दिवा लागलाय, चाकातून धूर किंवा जळका वास येतोय, किंवा चाकाच्या आतल्या बाजूला तेलकट ओघळ आहे. यांतलं एक जरी दिसलं तरी 'हळूहळू चालवत गॅरेजपर्यंत नेतो' म्हणू नका, टो करा. घाटात असाल तर नक्कीच.

सगळं वाचूनही स्वतः पाना धरायचा नसेल तर हरकत नाही. गाडी गॅरेजला द्या, फक्त काम सांगताना 'पॅड बदला' एवढंच सांगू नका. 'पिना काढून साफ करा, सिलिकॉन ग्रीस लावा, डिस्कची जाडी मोजून लिहून द्या' असं सांगा. आणि जुने चारही पॅड, कोणता कुठल्या बाजूचा आणि आतला की बाहेरचा हे खडूने लिहून, परत मागून घ्या.